पाय रोवायला जमीन नसताना

गेल्या अंकात मी आरओव्हीबद्दल लिहिलं होतं. म्हणजे केबलने जहाजाला जोडलेला, वर बसलेल्या माणसाने चालवायचा पाण्याखालचा रोबो. त्या लेखात जाता जाता एक वाक्य लिहून गेले होते : ‘रोबोला हात बसवला की खरी परीक्षा सुरू होते.’ सगळ्यात जास्त पत्रं त्या एका वाक्यावर आली. माझी नोकरीच या परीक्षेची आहे. अशा यंत्रांचा कंट्रोल, म्हणजे त्यांना चालवणारं सॉफ्टवेअर, लिहायचा, आधी टाकीत आणि मग समुद्रात तो जुळवायचा. म्हणून या वेळचं सदर सगळं याच विषयाला दिलं आहे.

प्रश्न : ताई, मी नववीत आहे. मोटारीच्या कारखान्यात वेल्डिंग करणाऱ्या रोबोच्या हाताचा व्हिडिओ आम्हाला शाळेत दाखवला. तोच हात वॉटरप्रूफ करून पाण्यातल्या रोबोला लावला तर का चालणार नाही?

चालेल, पण तो तितका नेमका राहणार नाही. कारखान्यातला हात जाडजूड बोल्टांनी काँक्रीटला जखडलेला असतो. तो हललाच तर त्याचा सगळा धक्का जमीन सोसते. पाण्यातल्या रोबोला पाय रोवायला जमीन नसते. तुला पोहता येत असेल तर पाण्यात उताणी तरंग आणि एक हात झटकन बाजूला ने. हात एकीकडे जातो आणि अंग दुसरीकडे वळतं. रोबोचंही नेमकं हेच होतं.

एक गणित करून दाखवते, वहीत उतरवून घे. समज, यंत्राचं वस्तुमान ५०० किलो आहे. फोम लावून ते असं जुळवलंय की पाण्यात ना बुडतं, ना वर येतं. त्याचा गुरुत्वमध्य प्लावक बलाच्या, म्हणजे पाणी ज्या बलाने त्याला वर ढकलतं त्याच्या, मध्यबिंदूच्या १० सेंटिमीटर खाली आहे. ते कलंडलं तर याच १० सेंटिमीटरमुळे पुन्हा सरळ होतं, बाहुलीचं बूड जड असल्यासारखं. आता त्याचा हात घे. पाण्यात त्याचा भार २० किलो भरतो, आणि घडी उघडून तो पुढे केला की हा भार १ मीटर पुढे सरकतो. पुढे ओढणारा हिशोब २० गुणिले १, म्हणजे २०. सरळ करणारा हिशोब ५०० गुणिले ०.१, म्हणजे ५०. वीस भागिले पन्नास म्हणजे ०.४. ज्या कोनाचा टॅन्जंट ०.४ असतो तो सुमारे २२ अंशांचा. म्हणजे फक्त हात पुढे केला म्हणून यंत्र नाकावर २२ अंश झुकलं! मध्यापासून दीड मीटरवर असलेलं हाताचं टोक त्यामुळे अर्ध्या मीटरहून जास्त खाली गेलं. ज्या नटाला हात लावायचा होता तो आता कॅमेऱ्यातही दिसत नाही.

उपाय काय? हातावरच फोमचे तुकडे चढवायचे. त्याने पाण्यातला भार ५ किलोवर आला तर झुकाव सहा अंशांच्या आत येतो. कंट्रोलची एक ओळ लिहिण्याआधी मी हा हिशोब करते. फोमने जे सुटतं ते सॉफ्टवेअरने सोडवत बसू नये, असं माझं ठाम मत आहे.

शिवाय पाण्यात काहीही हलवायचं तर आजूबाजूचं पाणीही बाजूला सारावं लागतं. १० सेंटिमीटर व्यासाची, अर्धा मीटर लांबीची गोल नळी आडवी ढकल. तिने जितकं पाणी विस्थापित केलंय, जवळजवळ तितक्याच वस्तुमानाचं पाणी तिच्यासोबत ढकलावं लागतं. इथे ते सुमारे ४ किलो होतं. याला अॅडेड मास म्हणतात. तीच नळी तिच्या लांबीच्या दिशेने सरकवली तर हे वस्तुमान फारच कमी भरतं. दिशेप्रमाणे आपलं वजन बदलणारा हात कारखान्यात कुणी पाहिलेला नसतो.

प्रश्न : मॅडम, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या प्रोजेक्टमध्ये छोट्या आरओव्हीला दोन सांध्यांचा हात लावलाय. सिम्युलेशनमध्ये पीआयडी कंट्रोल छान चालतो. टाकीत मात्र रोबो ठरलेल्या जागेभोवती सतत पुढे-मागे डुलतो. गेन वाढवले तर जास्त डुलतो, कमी केले तर हात हलला की वाहत जातो. काय चुकतंय?

आधी इतर वाचकांसाठी : पीआयडी म्हणजे चूक आत्ता किती, आजवर किती साठली आणि किती वेगाने बदलतेय हे पाहून जोर ठरवणारा कंट्रोल; गेन म्हणजे चुकीला तो किती जोराने उत्तर देतो याचा आकडा. माझा पहिला संशय थ्रस्टरवर, म्हणजे यंत्राला पाण्यात ढकलणाऱ्या पंख्यांवर आहे. सिम्युलेशनमध्ये तुम्ही ‘इतका जोर दे’ म्हणता आणि तो मिळतो. खऱ्या थ्रस्टरचा जोर पंख्याच्या फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे शून्याच्या आसपास फेऱ्या वाढवूनही जोर जवळजवळ मिळतच नाही. त्यात मोटरचं घर्षण आहे, आणि पंखा उलटा फिरवायचा तर तो आधी थांबवावा लागतो. एका जागी थांबलेला रोबो सगळा वेळ नेमका या शून्याच्या आसपासच काम करत असतो. कंट्रोलर जोर मागतो, जोर येत नाही, म्हणून तो आणखी मागतो. मग एकदम जास्त येतो, रोबो पलीकडे जातो आणि हेच उलट्या बाजूने सुरू होतं. डॅना योर्गर, जॉन कुक आणि जाँ-जाक स्लोटिन यांनी १९९० साली हे नीट मांडलं. थ्रस्टरला जोर धरायला वेळ लागतो, जोर जितका कमी मागाल तितका हा उशीर वाढतो, आणि त्यातूनच हे डुलणं जन्माला येतं. पस्तीस वर्षं झाली, तरी विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट याच दगडाला ठेचकाळतात, कारण पाठ्यपुस्तकातल्या मॉडेलमध्ये थ्रस्टर आदर्श असतो.

तर आधी पीआयडी बाजूला ठेवा आणि थ्रस्टर मोजा. टाकीच्या काठावर बिजागरीने एक दांडा बसवा. खालच्या टोकाला थ्रस्टर आणि वरच्या टोकाला लोडसेल, म्हणजे जोर मोजणारा सेन्सर, लावा. सिग्नल शून्यापासून थोडा थोडा वाढवा आणि प्रत्यक्ष जोर टिपा, पुढेही आणि मागेही. दोन्ही दिशांचे आकडे सारखे येणार नाहीत, कारण पंख्याची पाती एका दिशेसाठी घडवलेली असतात. हा तक्ता उलटा करून, म्हणजे हव्या त्या जोरासाठी किती सिग्नल लागतो असा वाचून, कोडमध्ये घाला. आडवे चार थ्रस्टर तिरपे बसवलेले असतील तर आणखी एक युक्ती आहे : चौघांनाही एकमेकांविरुद्ध थोडं थोडं चालू ठेवायचं. एकूण जोर शून्य, पण एकही पंखा शून्यावर नाही. बॅटरी जास्त जाते, पण डुलणं लगेच कमी होतं.

आता हाताकडे या. हात हलल्यावर यंत्र सरकतं, सेन्सरला ते कळतं आणि मग थ्रस्टर जागे होतात. तोवर उशीर झालेला असतो. पण हात कसा हलणार हे तुम्हाला आधीपासून माहीत आहे, कारण तो आदेश तुम्हीच देताय. सांध्यांच्या कोनांवरून हाताचा भार कुठे गेला, त्याचं त्वरण किती, त्याच्यावर पाण्याचा विरोध किती याचा अंदाज काढा आणि तेवढा उलटा जोर थ्रस्टरला आधीच द्या. याला फीडफॉरवर्ड म्हणतात. टिमथी मॅक्लेन, स्टीफन रॉक आणि मायकल ली यांनी ऑटर नावाच्या पाणरोबोला एका सांध्याचा हात लावून हे करून पाहिलं. १९९६ साली त्यांचं काम प्रसिद्ध झालं. हाताचा परिणाम आधीच हिशोबात धरला तेव्हा यंत्राचं सरकणं पुष्कळ कमी झालं. एका सांध्याच्या हातावर जमलेली गोष्ट तुमच्या दोन सांध्यांवर न जमण्याचं कारण नाही. अंदाज अगदी बरोबर नसला तरी चालतो. सत्तर टक्के धक्का आधी झेलला तर उरलेला पीआयडी निमूट सांभाळतो.

एक सल्ला तुम्हाला सगळे देतील : हात हळू हलवा. तो अर्धाच खरा आहे. तीच हालचाल दुप्पट वेळात केली तर त्वरणाचा धक्का चौथाई होतो आणि पाण्याचा विरोधही चौथाई होतो. पण वर नववीतल्या मुलीला दाखवलेला तो २२ अंशांचा झुकाव वेगावर अवलंबून नाही. तुम्ही हात पाच मिनिटांत पुढे केला तरी यंत्र तितकंच झुकतं. तुमचा रोबो हळू हालचालीतही वाहत असेल तर मामला भाराचा आहे. गेन सोडा, फोम बघा.

प्रश्न : मी बावीस वर्षं पाण्याखाली वेल्डिंग आणि दुरुस्तीची कामं केली. आम्ही डायव्हर एका हाताने पाइप घट्ट धरायचो आणि दुसऱ्याने पाना चालवायचो. नाहीतर पाना फिरायच्या ऐवजी आपणच फिरतो. रोबो हे करतो का?

करतो, साहेब, आणि ते त्याने तुमच्याकडूनच उचललं आहे. समुद्रतळाशी काम करणाऱ्या मोठ्या आरओव्हीला बहुधा दोन वेगवेगळे हात असतात. एक साधा आणि दणकट, पाच हालचालींचा. त्याचं काम फक्त पकडून राहणं. दुसरा सात हालचालींचा, नाजूक कामाचा. कारण तुम्ही म्हणता तेच. १०० न्यूटन-मीटरचा टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, लावून व्हॉल्व्ह फिरवायचा तर तेवढाच टॉर्क उलटा यंत्राला बसतो. एकमेकांपासून ४० सेंटिमीटरवर असलेल्या दोन थ्रस्टरनी प्रत्येकी २०० न्यूटन जोर उलटसुलट लावला तरी ८०च भरतात. म्हणून कुठेतरी धरावं लागतं. तेलविहिरींच्या व्हॉल्व्हभोवती तर त्यासाठीच एक बादलीसारखा खोबणीचा साचा बसवलेला असतो. टॉर्क टूल त्यात अडकतं आणि उलटा पीळ साचाच झेलतो.

पण धरणं हेच कंट्रोलच्या दृष्टीने सगळ्यात घातकी असतं, आणि ते मी महागात शिकले. टाकीत व्हॉल्व्हचं पॅनल उभं केलं होतं. रोबो त्याच्यासमोर स्थिर राहिला, हात पुढे गेला, ग्रिपरने, म्हणजे हाताच्या टोकाच्या पंजाने, ‘टी’ आकाराचं हँडल धरलं. आम्ही सगळे खूश झालो. पण पकडताना यंत्र ठरलेल्या जागेपासून चारेक सेंटिमीटर मागे राहिलं होतं आणि आता ते हँडलला अडकलं होतं, पुढे जाऊच शकत नव्हतं. जागेवर राहण्याचा कंट्रोल मात्र चालूच होता. चार सेंटिमीटरची चूक दिसतेय म्हणून त्याचा इंटिग्रल, म्हणजे साठत गेलेल्या चुकीवरून जोर ठरवणारा भाग, दर क्षणी थोडा थोडा जोर वाढवत गेला. थ्रस्टरचा आवाज हळूहळू चढत होता. तो मला ऐकू येत होता. टाकीत पाणी फिरवणारा पंप लावलेला होता, मला वाटलं त्या प्रवाहाशी झुंजतोय. मग मी चालकाला ग्रिपर सोडायला सांगितलं. पकड सुटताक्षणी साठलेला सगळा जोर मोकळा झाला. यंत्र बाणासारखं पुढे गेलं आणि पॅनलवर आदळलं. मनगटाची पिन मोडली, तो तुकडा टाकीच्या तळाशी सापडायला दुपार झाली.

त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक प्रणालीत एक नियम पक्का आहे. मनगटातल्या बलमापकाला स्पर्श कळला की इंटिग्रल शून्य, आणि जागा धरून ठेवण्याचा हट्ट सैल. पकड असेपर्यंत यंत्राला वाटेल तसं थोडं तरंगू द्यायचं. ज्या दिशेला हँडल हलू देत नाही त्या दिशेला हाताने मऊ राहायचं, स्प्रिंगसारखं. फक्त व्हॉल्व्हच्या आसाभोवती मोजून टॉर्क लावायचा. आणि सोडण्याआधी थ्रस्टर किती जोर लावताहेत ते बघायचं. तुम्ही पाइप धरला की अंग सैल सोडत असाल, प्रवाहात शिडासारखं. तेच यंत्राला शिकवावं लागतं. तुमच्यासारख्यांनी सांगितल्याशिवाय हे आम्हाला टाकीच्या काठावर बसून सुचत नाही. कधी वेळ काढून आणखी लिहा.

प्रश्न : मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. यंत्र सहा प्रकारे हलू शकतं आणि हातही सहा प्रकारे. मग एखादी वस्तू धरायला हात हलवायचा की यंत्र, हे कोण ठरवतं?

फार चांगला प्रश्न. ग्रिपरची जागा आणि दिशा सांगायला सहा आकडे पुरतात आणि आपल्याकडे बारा आहेत. म्हणजे एकाच ठिकाणी पोचायचे अगणित मार्ग. या मोकळीकीतच सगळी मजा आहे.

यंत्र जड आणि ढिसाळ, हात हलका आणि नेमका. म्हणून लांबचं अंतर यंत्राने कापायचं, शेवटचा मीटरभर हाताने. हे झालं ढोबळ. बारकाईने पाहिलं तर एकाच वेळी बऱ्याच गोष्टी सांभाळायच्या असतात. ग्रिपर लक्ष्यावर हवा. सांधे आपल्या मर्यादेला टेकता कामा नयेत. यंत्र समपातळीत हवं. लक्ष्य कॅमेऱ्यात हवं. आणि एक गोष्ट जी समुद्रात गेल्याशिवाय कळत नाही : तळाच्या सापेक्ष वेग मोजणारं डॉप्लर उपकरण खाली चार ध्वनिकिरण सोडतं. हात त्या किरणात आला की वेगाचा आकडा खोटा येतो, आणि यंत्र त्या खोट्या आकड्यावर विश्वास ठेवून खरोखर सरकायला लागतं.

या सगळ्यांची उतरंड लावायची पद्धत नाकामुरा, हानाफुसा आणि योशिकावा यांनी १९८७ साली मांडली. पहिल्या क्रमांकाचं काम पूर्ण करायचं. त्याला धक्का न लावता जी हालचाल उरते तेवढ्यात दुसरं करायचं, मग तिसरं. जानलुका अँतोनेल्ली आणि स्तेफानो कियाव्हेरिनी यांनी नव्वदीच्या दशकाच्या शेवटी ती पाण्याखालच्या हातवाल्या रोबोंसाठी वापरली. अनेक निबंधांत ग्रिपर पहिल्या क्रमांकावर असतो. मी ठेवत नाही. सांध्यांच्या मर्यादा आणि यंत्राचा झुकाव वर, ग्रिपर त्याखाली. वस्तू आज नाही धरली तर उद्या धरता येते. मर्यादेला धडकलेला सांधा मात्र समुद्रात दुरुस्त होत नाही.

प्रश्न : चालकविरहित गाड्या आल्या, तरी समुद्राखाली अजून माणूसच जॉयस्टिक का धरून बसतो?

केबल असेल तोवर माणूस असणं हेच शहाणपणाचं आहे. १९६६ साली स्पेनमधल्या पालोमारेसजवळ समुद्रात पडलेला हायड्रोजन बॉम्ब कर्व्ह नावाच्या केबलवाल्या यंत्राने सुमारे ८७० मीटरवरून वर आणला. तेव्हा कर्व्ह स्वतःच बॉम्बच्या पॅराशूटच्या दोऱ्यांत गुरफटला होता. वरच्या माणसांनी निर्णय घेतला आणि दोघांना एकत्रच ओढून घेतलं. असा निर्णय आजही यंत्रावर सोडावासा वाटत नाही.

केबल काढली की मात्र गोष्ट बदलते. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात शिरत नाहीत, उरतो आवाज. तो सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. ३००० मीटरवरच्या यंत्राला आदेश पोचायला दोन सेकंद आणि उत्तर यायला आणखी दोन, शिवाय धड व्हिडिओ पाठवण्याइतकी जागाच त्या मार्गावर नाही. अशा वेळी हाताचं काम यंत्रालाच जमलं पाहिजे. हवाई विद्यापीठाचं सॉव्हिम आणि युरोपातल्या ट्रायडंट प्रकल्पातलं जिरोना ५०० या यंत्रांनी तरंगत राहून, स्वतः बघून, तळाची वस्तू उचलून दाखवली. वस्तू ओळखीची होती, जागा साधारण माहीत होती, तरी ही मोठी झेप आहे.

मला सगळ्यात भावतो तो मधला मार्ग. स्टॅनफर्डच्या उसामा खातिब यांच्या चमूने ओशनवन नावाचा दोन हातांचा रोबो बनवला. २०१६ साली तो फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ, १६६४ मध्ये बुडालेल्या ‘ला ल्यून’ या जहाजाच्या अवशेषांपर्यंत, सुमारे १०० मीटर खोल गेला आणि एक भांडं वर घेऊन आला. माणूस फक्त दोन हात चालवत होता, आणि रोबोच्या हाताला लागलेला जोर त्याला स्वतःच्या हातात जाणवत होता. अंग तोलायचं काम यंत्राचं यंत्र करत होतं. काय धरायचं आणि किती हळुवार, हे माणसाकडे.

प्रश्न : खोलवर दाब प्रचंड असतो. त्याने कंट्रोल बदलतो का?

दाबाने फारसा नाही. ६००० मीटरवर सुमारे ६०० वातावरणांचा दाब असतो, पण सांध्यांत आणि मोटरींत तेल भरून आतला दाब बाहेरच्याइतका ठेवतात. त्रास देते ती थंडी. खोल समुद्रात पाणी दोन-चार अंश सेल्सिअसवर असतं. तेल घट्ट होतं, सांधे जड चालतात, आणि वर उन्हात जुळवलेला हात खाली आळसावल्यासारखा वागतो. म्हणून तळाशी पोचल्यावर आम्ही लगेच कामाला लागत नाही. यंत्र मोकळ्या पाण्यात उभं करून प्रत्येक सांधा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन-चारदा सावकाश फिरवतो, त्याला किती जोर लागला ते टिपतो आणि कोडमधले घर्षणाचे आकडे तिथेच बदलतो. वीस मिनिटं जातात. जहाजावरचे लोक घड्याळ बघत असतात, पण मी ती वीस मिनिटं सोडत नाही.